"त्या काळी तसंच होतं" म्हणजे ते बरोबर होतं का?

सायली_राजापूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण महिनाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहिते.

आजीच्या माहेरचं घर उतरवायचं ठरलंय. चिऱ्याच्या भिंती अजून ठणठणीत आहेत पण वासे वाळवीने पार पोकळ केलेत. आईचा मामेभाऊ तिथे राहतो, मी त्याला मामाच म्हणते, त्याच्या मदतीला आम्ही चौघं गेलो होतो. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. वर जुनी पंचांगं, त्याखाली विटलेलं लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, आणि त्या आलवणात गुंडाळून ठेवलेली फणेरपेटी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, छोटी लाकडी पेटी असते, झाकणाला आतून आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. आरशाचा पारा उडालाय पण फणीचा एकही दात तुटलेला नाही.

ती पेटी आजीच्या आत्याची. बाराव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि मग केशवपन. आजी आता ९१ वर्षांची आहे, तिने हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दारी यायचा, आत्या विहिरीजवळच्या दगडावर घराकडे पाठ करून बसायची, आणि त्या दिवशी ती जेवायची नाही, कोणी विचारलं तर उपास आहे म्हणायची. आजी म्हणाली, आम्हाला लहानपणी वाटायचं की न्हावी येतो त्या दिवशी एकादशीच असते.

मी हे घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि खाली एवढंच लिहिलं की आपल्या घरात एका मुलीवर पन्नास वर्षं अन्याय झाला. त्यावर मामाचं उत्तर आलं की आजच्या मापाने त्या काळाला मोजू नकोस, तेव्हा तीच रीत होती, तोच धर्म होता, पणजोबा काही दुष्ट नव्हते, आणि तू १९०० साली जन्मली असतीस तर तुलाही ते योग्यच वाटलं असतं. मामा मनाने फार चांगला माणूस आहे, हे मुद्दाम सांगते. आणि त्याचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही, खरंच वाटलं असतं कदाचित.

तर मला विचारायचंय ते हे. नीती काळाप्रमाणे, गावाप्रमाणे, समाजाप्रमाणे बदलते असं धरलं तर मग मी "चूक होतं" म्हणते त्याला काही अर्थ उरतो का, का ते फक्त "मला आज आवडत नाही" एवढंच होतं? आणि नीती सगळीकडे सगळ्या काळी एकच आहे असं म्हटलं तर ती कोणी ठरवली आणि पणजोबांना ती का दिसली नाही? वाद घालायला नाही विचारत, खरंच कळून घ्यायचंय.

---

वाटसरू_नगर

सायलीताई, वाचून वाईट वाटलं. पण मी तुमच्या मामांच्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका.

आपल्याकडे कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे अगदी हक्काची सोयरीक, जमलं नाही तर उलट लोक विचारतात की का बुवा, काय बिनसलं. माझ्या दिल्लीच्या रूममेटला हे सांगितलं तर तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता, त्याच्यासाठी ती सख्खी बहीण. आता यात कोण बरोबर? जुन्या ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली इराणच्या दारियस राजाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, त्याने ग्रीकांना विचारलं की किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाला खाल, ते म्हणाले कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लातिया नावाच्या लोकांना बोलावलं, त्यांच्यात वडिलांना खायची रीत होती, त्यांना विचारलं बापाला जाळायला किती घ्याल, तर ते ओरडलेच की असलं अभद्र बोलू नका. प्रत्येकाला आपलीच रीत देवाने दिलेली वाटते.

म्हणून मी म्हणतो की नीती ही भाषेसारखी असते, ज्या घरात जन्मलो तिथली बोलतो. पणजोबांनी त्यांच्या भाषेत शुद्ध लिहिलं होतं. शंभर वर्षांनी आपले पणतू आपल्याबद्दलही असंच म्हणणार आहेत, घरकाम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवणाऱ्यांबद्दल तर नक्कीच. आपणही तेव्हा "त्या काळी तसंच होतं" याच वाक्याच्या आधाराला जाणार ना?

---

गोदाकाठ

वाटसरू, तुमचा मामेबहिणीचा मुद्दा मान्य. पण सायलीताईंच्या प्रश्नात एक शब्द आहे ज्यावरून सगळेच घाईने पुढे जातात. "त्या काळी" म्हणजे कोणाच्या काळी?

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी एखादा मुलगा उठून हेच विचारायचा, आणि मी त्याला फक्त तारखा लिहून द्यायचो. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारू नये म्हणून. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं स्त्रीपुरुष तुलना छापून आलं. त्याला निमित्त झालं सुरतेचं प्रकरण, विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कमी झाली, आणि वर्तमानपत्रं बायकांच्या जातीवर तुटून पडली होती. ताराबाई इंग्लंडहून आल्या नव्हत्या. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा झाली, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तो वस्तरा ज्यांच्या हातात होता, ज्यांचं पोट त्यावर चालायचं, तेच म्हणाले की हे पाप आहे. आगरकर त्यांच्या सुधारक या वर्तमानपत्रातून तेच लिहीत होते.

म्हणजे आत्याबाईंचा जन्म व्हायच्या आधीच या महाराष्ट्रात लोक उघडपणे सांगत होते की ही रीत चुकीची आहे. पणजोबांचा काळ आणि लोखंड्यांचा काळ वेगळा नव्हता, बाजू वेगळी होती. आपण "त्या काळी तसंच होतं" म्हणतो तेव्हा त्या काळातल्या फक्त एका बाजूचं मत अख्ख्या काळाच्या नावावर लिहून टाकतो, आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की ती बाजू नेहमी सोसणाऱ्याची नसते, सोसायला लावणाऱ्याची असते.

रखमाबाईंचंच घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला. १८८७ च्या मार्चमध्ये मुंबईत कोर्टाने सांगितलं महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. केसरीने त्यांच्या विरोधात लिहिलं, शास्त्री विरोधात, कायदाही विरोधात, मुलगी मात्र हटली नाही. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला, राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले. आता सांगा, नीती जर म्हणजे समाजाची रीत एवढंच असेल तर १८८७ मध्ये रखमाबाई अनीतिमान ठरतात. आणि मग त्या नीतिमान नक्की कोणत्या तारखेला झाल्या?

---

वाटसरू_नगर

सर, हा प्रश्न मला खरंच अडचणीत आणतोय. विचार करून लिहितो.

---

मीरा_हॉलंड

मी इकडे नर्सिंग होममध्ये काम करते. इकडच्या मुलांनी आईवडिलांना होममध्ये ठेवलं की आपल्या लोकांना ते निर्दयी वाटतं, मलाही पहिलं वर्ष वाटायचं. मग बघितलं की एक बाई रोज, अगदी रोज, पावसात सायकल मारत येऊन आईचे केस विंचरून जाते. आणि माझ्याच ओळखीत गावाकडे एकत्र कुटुंबात एक आजोबा पडवीतल्या खोलीत दिवसभर एकटे पडून असायचे, ताट सरकवून द्यायचे त्यांना. रीत बघून काही कळत नाही असं माझं मत झालंय. त्या दारियसच्या गोष्टीतपण जाळणारे आणि खाणारे दोघंही बापाचा मान राखायलाच तसं करत होते ना. मुंबईत पारशी लोक मयताला दोखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात गिधाडांसाठी ठेवतात, तोही मानच. मग वेगळं काय होतं, फक्त पद्धत.

---

निळू_मास्तर_सोलापूर

गोदाकाठ सरांबद्दल आदर आहे पण मला एका गोष्टीची भीती वाटते ती लिहितोच. "सगळ्या जगासाठी एकच नीती" हे वाक्य आमच्या लोकांनी फार जवळून बघितलंय.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. म्हणजे काय तर काही जातीजमातींत जन्माला आलं मूल की ते जन्मापासून चोर. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना, नाहीतर शिक्षा. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, त्या वस्तीला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. कुंपण घालणाऱ्यांना वाटत होतं की आपण या लोकांना नीती शिकवतोय, सुधारतोय, कष्टाची सवय लावतोय. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आमच्या लोकांवरचा तो शिक्का निघाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून आम्ही तो विमुक्त दिन पाळतो. माझे आजोबा सांगायचे की रात्री हजेरीची घंटा झाली की लेकरू तापाने फणफणलेलं असलं तरी उचलून रांगेत उभं राहायचं, नाव पुकारलं की लेकराच्या वतीने आईने ओ द्यायचा.

तेव्हा जो म्हणतो माझी नीती सगळ्यांना लागू, त्याच्या हातात काठी आहे का ते आधी बघा. नीती सापेक्ष, म्हणजे ज्याची त्याची वेगळी, म्हणणारा निदान शेजाऱ्याच्या घरात घुसत तरी नाही.

---

अमोघ_टी

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भीती शंभर टक्के खरी आहे. पण मला वाटतं तुम्ही स्वतःच तुमच्या शेवटच्या वाक्याच्या उलटं काहीतरी दाखवून दिलंय, कसं ते लिहितो, चुकलो तर सांगा.

तुमच्या आजोबांवर झालेला अन्याय आपण अन्याय का म्हणतो? इंग्रजांच्या रीतीत तो बरोबर होता, त्यांचा कायदा होता, त्यांच्या पार्लमेंटमधल्या सभ्य लोकांना तो पटत होता. आजूबाजूच्या गावातल्या पाटलांनाही पटत असावा. नीती म्हणजे त्या त्या समाजाची रीत असं असेल तर आपल्याला एवढंच म्हणता येईल की इंग्रजांची रीत ती, आमची रीत ही. पण तुम्ही तसं म्हणत नाही, मीही म्हणत नाही. आपण म्हणतो की तापलेल्या लेकराला रात्री रांगेत उभं करणं चूक आहे, करणारा कोणीही असो, साल कोणतंही असो. मग कुंपण घालणाऱ्यांची चूक "सगळ्यांना एक नीती" म्हणण्यात नव्हती, त्यांनी ती सगळ्यांना लावलीच नव्हती यात होती. लंडनमधल्या एखाद्या लॉर्डच्या पोराला कोणी जन्मतः चोर ठरवून हजेरीला उभं केलं असतं का?

आणि शेजाऱ्याच्या घरात घुसू नये, दुसऱ्याच्या रीतीचा मान ठेवावा, हे पण शेवटी सगळ्यांनी पाळायचं तत्त्वच झालं की. घुसणाऱ्याने उद्या म्हटलं आमच्यात घुसायची रीत आहे, तर सापेक्षवाल्याकडे त्याला द्यायला उत्तर नसतं.

सायलीताईंनी विचारलंय की ठरवली कोणी. मला नाही वाटत एका कोणी ठरवली. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं जे म्हणतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य वगैरे यम सांगितल्यावर पुढचं सूत्र म्हणतं की ते जाती, देश, काल, समय यांनी तोडले न जाणारे, सार्वभौम आहेत. म्हणजे जात, गाव, काळ आणि प्रसंग, नेमक्या याच चार पळवाटा त्या माणसाला तेव्हाच दिसल्या होत्या आणि त्याने चारही बंद केल्या. दुसरी गोष्ट १९४८ ची. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी सगळे "पुरुष" जन्मतः स्वतंत्र आणि समान अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो बदलून "सगळी माणसं" करायला लावलं तिथे भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबाई मेहतांनी. तेव्हा काही जण म्हणत होते की त्या शब्दात बायका आल्याच की. हंसाबाईंना माहीत होतं की असं गृहीत धरलेलं पुढे कधी पाळलं जात नाही.

रीत आणि नीती यातला फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट करून बघतो, पूर्ण बरोबर आहे असा दावा नाही. ही रीत कोणाच्या अंगावर पडते ते शोधायचं आणि तिथे जाऊन विचारायचं. मामेबहिणीशी लग्न असो किंवा दोखमा, त्या रीतीतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल हो, आमचं असंच असतं, मला काही त्रास नाही. केशवपनात ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं तिला विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बारा वर्षांच्या पोरीने काय सांगायचं होतं. तीच गोष्ट महाडला. चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही अनादिकाळापासूनची रीत आहे असं सांगून सवर्ण मंडळी बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात गेली होती, १९२७ च्या सत्याग्रहानंतर दहा वर्षं ते चाललं आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की अशी अनादि रीत सिद्धच होत नाही. ज्याला अनादि म्हणतात ते नीट खोदलं तर पुष्कळदा कोणाच्या तरी सोयीचं निघतं.

पणजोबांना का दिसली नाही, याचं उत्तर मला अवघड वाटतं. दुष्ट नसतीलच. पण दिसलं तर काय करावं लागेल याची भीती मोठी असते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर मुरूडला गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं, घरी आईलासुद्धा भेटायची चोरी. पुढे १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्याच माणसाला भारतरत्न. पणजोबांसमोर वाळीत पडणं होतं, भारतरत्न दिसत नव्हतं. म्हणून माणसाला दोष देताना मी हात आखडता घेईन. कृतीला चूक म्हणताना नाही घेणार.

---

निळू_मास्तर_सोलापूर

अमोघ, लॉर्डच्या पोराचं उदाहरण पटलं. पण काठीबद्दल मी म्हणालो ते मागे घेत नाही. नीती एक असेल, ती सांगायचा मक्ता एकाचा नसावा. आमच्यातल्या जातपंचायतीने लोकांना वाळीत टाकणं थांबावं म्हणून आमच्यातलीच पोरं झगडली, त्यातल्या काहींना मी शाळेत शिकवलंय, आणि सरकारने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला २०१६ चा. बाहेरून कोणी येऊन आम्हाला रानटी म्हणाला असता तर तीच पोरं पंचायतीच्या बाजूने उभी राहिली असती. आतून आलं म्हणून टिकलं.

---

वाटसरू_नगर

रात्रभर डोक्यात होतं. नीती भाषेसारखी असते हे मी म्हणालो होतो, त्यातला अर्धा भाग मागे घेतो. भाषेत कोणी रडत नसतं. कसं जेवायचं, कसं नमस्कार करायचं, कोणाशी लग्न, मयताचं काय करायचं, हे सगळं भाषेसारखं आहे असं अजूनही म्हणेन. पण आत्याबाई त्या दिवशी जेवायच्या नाहीत हे आज परत वाचलं आणि वाटलं की त्यांना कोणी रखमाबाई, ताराबाई वाचून दाखवल्या नसणार, कोणत्याही नव्या काळाचं माप त्यांच्याकडे नव्हतं, तरी पोटात अन्न जात नव्हतं. त्यांच्या काळाच्या रीतीने तर त्यांनी निमूट जेवायला हवं होतं.

आणि माझ्या घरातल्या वेगळ्या कपाचं मीच वर लिहून गेलो. आमच्याकडेच आहे तो, निळ्या कडेचा. आज सकाळी आईशी बोललो. ती गप्प बसली, अजून हो म्हणाली नाहीये, पण कप ओट्यावरून आत बाकीच्या कपांत ठेवलाय मी.

---

सायली_राजापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमच्या आजोबांची गोष्ट आईला वाचून दाखवली.

गोदाकाठ सरांनी विचारलं ना की कोणाच्या काळी, ते वाचून मी आजीला परत फोन केला आणि तिला सरळ विचारलं की आत्या कधी याबद्दल बोलली का गं, चुकीचं आहे असं कधी म्हणाली का. आजी म्हणाली छे, ती कधीच काही बोलली नाही. मग बराच वेळ फोनवर शांतता, मला वाटलं लाईन गेली. आणि मग म्हणाली, एकदा बोलली होती, यमूच्या वेळी.

यमू म्हणजे आजीची चुलत बहीण, सोळाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला, १९४४-४५ ची गोष्ट असावी. दिवस झाले, घरातले मोठे ओटीवर बसून ठरवत होते, न्हाव्याला निरोप जाणार होता. आत्या कधी पुरुषांसमोर यायची नाही. त्या दिवशी ती माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि आजीच्या वडिलांना म्हणाली, "अण्णा, माझं झालं ते झालं. पोरीचे केस राहूदेत." एवढंच. आत निघून गेली. अण्णा काही बोलले नाहीत पण निरोप गेला नाही. यमूमावशी पुढे रत्नागिरीला शिकायला राहिली, शिक्षिका झाली, मी तिला पाहिलंय लहानपणी, पांढऱ्याशुभ्र केसांचा एवढा मोठा अंबाडा होता. तो अंबाडा कोणामुळे होता हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

मामाला हे कळवलं. त्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोन केला. म्हणाला ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती, आणि ती फणेरपेटी तू घेऊन जा, इथे घर पाडताना कुठे जाईल सांगता येत नाही.

ट्रंकेत एक ग्रुप फोटो पण आहे, त्यात खांबाजवळ कडेला उभी आहे ती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. फोटोच्या मागे सगळ्यांची नावं शाईने लिहिली आहेत, तिच्या जागी फक्त "आत्या". आजीलाही खरं नाव आठवत नाहीये, सगळे आत्याच म्हणायचे. मामा जुन्या कागदांत शोधतोय, मी रविवारी कुळाच्या उपाध्यांकडे जाऊन येते.